बिघ्यामागे एक मण

वडखळचा नाका मागे टाकून मुंबई-गोवा महामार्गाने नागोठण्याकडे निघालेल्या प्रवाशाच्या डोळ्यांत प्रथम भरतात त्या डोलवीच्या पोलाद-कारखान्याच्या चिमण्या आणि रस्त्याच्या कडेला लागलेल्या मालमोटारींच्या रांगा. गडब हे गाव त्याला सहसा दिसत नाही, आणि अंबा नदीच्या व धरमतरच्या खाडीच्या अंगाला पसरलेला जो पेणचा खारपाट, तो तर मुळीच दिसत नाही. रस्त्यावर उभे राहून पाहिले तर ती केवळ सपाट, करड्या रंगाची, मधूनमधून तिवरांच्या हिरव्या रेघेने आखलेली जमीन वाटते. परंतु तिच्यातून कोसभर चालत जावे, समोर पुरुषभर उंचीचा मातीचा बांध यावा, त्यावर चढून पलीकडे पाहावे आणि भरतीचे पाणी आपण आताच तुडवून आलेल्या शेताच्या पातळीहून वर चढलेले दिसावे, म्हणजे या प्रदेशात सार्वजनिक सुरक्षितता या शब्दाचा अर्थ काय, हे कोणी समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

भाद्रपदातल्या उधाणाच्या दिवशी मी अशा एका बांधावर उभा होतो. सोबत सत्तरी ओलांडलेले एक आगरी गृहस्थ होते. त्यांनी आपल्या तरुणपणी कंबरेएवढ्या चिखलात उभे राहून बांधाच्या खांडी बुजवल्या होत्या. बांध फुटून पाणी आत शिरते त्या भगदाडाला इकडे खांड म्हणतात, आणि पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडून भरतीला आपोआप मिटणाऱ्या दाराला उघाडी. उघाडीच्या एका फळीकडे बोट दाखवून त्यांनी मला सांगितले, की ही एवढी फळी कुजली तर तीन वर्षे भात येत नाही. एकदा खारे पाणी घुसले की माती गोडी व्हायला तेवढे पावसाळे जावे लागतात. मी विचारले, "मग पूर्वी खांड गेली, तर बोलवायचे कोणाला?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "बोलवायचं कुणाला? सगळेच जायचे. ज्याचं शेत जेवढं, त्याचं देणं तेवढं. कुणी मानूस द्यायचा, कुणी भात द्यायचा. बांध काय एकल्याचा असतो?"

त्यांच्या या उत्तरामागे दोन-तीन शतकांचा दस्तऐवज आहे. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील ज्या जमिनी समुद्रातून बांध घालून काढल्या गेल्या, त्यांपैकी काहींना शिलोत्री म्हणत. बाहेरचा मोठा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदाराची, आणि त्या कामासाठी सरकारी धाऱ्याखेरीज प्रत्येक कुळाने बिघ्यामागे एक मण भात त्याला द्यायचे, असा तेथील दस्तूर होता. काही खारांत शिलोत्रीदार नसे. तेथे कुळेच आपसांत वाटणी करून बांध राखीत, आणि त्या जमिनींना कुळारग म्हणत. १९४८ साली मुंबई प्रांताने खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्राने दुसरा केला, योजना सरकारी खात्याकडे गेल्या. आणि त्याबरोबर तो मणही गेला. खात्याने बांध राखावा, हे न्याय्यच होते, कारण यंत्रे व सिमेंट ही कुळाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हे. पण त्या एका मणाच्या निमित्ताने वर्षातून एकदा जी बैठक बसे, बांध केवढा, खर्च केवढा, कोणाच्या वाट्याला काय, याची जी उघड मोजदाद होई, ती बैठक मोडली, आणि तिच्या जागी दुसरी बसली नाही. गेली काही वर्षे मला छळणारा प्रश्न हाच आहे. गावाच्या उपयोगाची एखादी इमारत बांधायची असेल, मग ती पोलिसांच्या दूरक्षेत्राची असो, आगीच्या बंबासाठी असो की ग्रंथालयाची असो, तर तिच्यासाठी झीज सोसण्यास तुम्ही तयार आहात काय, असे गावाला कोणी, कधी, समोर बसवून विचारतो काय?

या प्रश्नाला धार आली ती सातासमुद्रांपलीकडून. माझ्या चुलतबहिणीचा मुलगा, ज्याचे बालपण पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत रंगाचे हात धुताना गेले, तो बरीच वर्षे कॅलिफोर्नियात आहे व आता तेथला नागरिक झाला आहे. निवडणुकीच्या दिवसांत त्याच्या घरी टपालाने मतपत्रिका येते, आणि तिच्याबरोबर एक जाडजूड पुस्तिका. एका रात्री त्याने ती पुस्तिका दूरध्वनीच्या पडद्यासमोर धरून मला दाखविली. अध्यक्ष, प्रतिनिधी, न्यायाधीश यांच्या नावांनंतर पान उलटले तर तेथे माणसाचे नावच नव्हते. एक प्रश्न होता. नगराला अग्निशमन केंद्र भूकंपाला टिकेल असे पुन्हा बांधायचे आहे, ग्रंथालयाची इमारत वाढवायची आहे, त्यासाठी अमुक कोटी डॉलरांचे रोखे काढावयाचे आहेत, आणि त्यांची फेड तुमच्या घरपट्टीतून तितकी वर्षे होईल. मान्य आहे की नाही? प्रश्न पंचाहत्तर शब्दांपेक्षा मोठा असता कामा नये, असा तेथे कायदा आहे. पुस्तिकेत पुढे घराच्या आकारणीच्या प्रत्येक लाख डॉलरांमागे वर्षाला किती कर वाढेल त्याचा तक्ता होता, मुद्दल व व्याज मिळून अखेर किती रक्कम फेडावी लागेल त्याचा अंदाज होता, आणि त्याखाली नागरिकांनीच सहीनिशी लिहिलेले प्रस्तावाच्या बाजूचे व विरुद्ध बाजूचे युक्तिवाद होते, परस्परांना दिलेल्या उत्तरांसह.

त्याची आई त्या वेळी तेथेच होती. ती म्हणाली, "कर वाढवायचाच आहे, तर विचारतात कशाला?" मुलगा म्हणाला, "आई, आम्ही नाही म्हटलं तर वाढणार नाही." ती थोडा वेळ काही बोलली नाही; मग तिने ती पुस्तिका आपल्या हातात घेतली, चष्मा लावला आणि तक्त्याचे पान काढून मुलाला विचारले, "तुझ्या घराचं किती होतं?" त्या एका क्षणी, ज्या बाईने पेणला चाळीस वर्षे घरपट्टीची पावती न वाचता फडताळात टाकली, ती नगराच्या जमाखर्चाची परीक्षक झाली. मला जे म्हणावयाचे आहे, ते सारे तिच्या त्या प्रश्नात आहे.

त्या देशातील ही पद्धत कोणाच्या उदारपणातून आलेली नाही. ठेचा खाऊन आलेली आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील नगरांनी व परगण्यांनी आगगाड्यांच्या कंपन्यांना आपल्याकडे ओढण्यासाठी बेसुमार कर्जे काढली, ती बुडाली, आणि पिढ्यान्पिढ्या लोक ती फेडीत राहिले. त्यानंतर राज्याराज्यांच्या घटनांत निर्बंध आले. कॅलिफोर्नियाच्या १८७९ च्या घटनेने असे ठरविले, की वर्षाच्या उत्पन्नापलीकडचे कर्ज नगराने काढायचे असेल तर मतदारांपैकी दोन-तृतीयांशांनी त्याला संमती दिली पाहिजे. १९७८ साली तेथील जनतेने तेरावा प्रस्ताव म्हणून प्रसिद्ध असलेला निर्णय करून घरपट्टीला असे कुंपण घातले की रोखे काढण्याचा मार्गच बंद झाला. १९८६ साली जनतेनेच तो पुन्हा उघडला. शाळांच्या इमारतींसाठी २००० साली ही अट शेकडा पंचावन्नावर आली. स्थानिक सार्वजनिक कामांनाही तीच सवलत द्यावी, असा प्रस्ताव नोव्हेंबर २०२४ मध्ये मतास आला, तो लोकांनी फेटाळला. म्हणजे आजही तेथे शंभरांतील पासष्टांनी हो म्हटले तरी अग्निशमन केंद्र उभे राहत नाही. ही अट मला अन्यायाची वाटते. पस्तीस जणांच्या नकाराला पासष्टांच्या होकाराहून अधिक वजन मिळावे, यात मतांची समानता कोठे राहिली? पण अट कडक असूनही लोक हो म्हणतात, ही गोष्ट विसरता येत नाही. सॅन फ्रान्सिस्को शहर १९०६ च्या एप्रिलात १८ तारखेला भूकंपाने हादरले आणि त्यामागोमाग उसळलेल्या आगीने जळाले. त्याच शहराच्या मतदारांनी १९८८ साली १०.९५ कोटी डॉलरांच्या रोख्यांना संमती देऊन मध्यवर्ती ग्रंथालयाची नवी इमारत मिळविली, आणि तिचे दार १९९६ च्या १८ एप्रिलला, त्या भूकंपाच्या नव्वदाव्या वर्षदिनी उघडले. पुढे २०१० साली ४१.२३ कोटी, २०१४ साली ४० कोटी व २०२० साली ६२.८५ कोटी डॉलरांचे रोखे आग विझविण्याच्या जलवाहिन्या, बंबांची केंद्रे व पोलिसांच्या इमारती भूकंपात टिकाव्यात म्हणून त्याच मतदारांनी मंजूर केले.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, की ही श्रीमंतांच्या देशातील गोष्ट, तिचा गडबशी संबंध काय? माझे उत्तर असे, की लोकांना समोर बसवून हो की नाही विचारण्याची रीत आपल्याकडे नाही असे नाही. आपण ती फार थोड्या गोष्टींना लावली आहे. दारूचे दुकान गावात असावे की नसावे यावर गुप्त मतदान घेण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. मतपत्रिकेवर एक उभी बाटली असते व एक आडवी, आणि निम्म्याहून अधिक मतदार आडव्या बाटलीवर शिक्का मारतील तर दुकान बंद होते. अक्षरशून्य बाईलाही कळेल असा हा प्रश्न आहे, आणि त्यासाठी कित्येक गावांतील स्त्रिया मजुरी बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या आहेत. दुसरा प्रसंग तर आमच्याच तालुक्याचा. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण, उरण व पनवेल तालुक्यांतील जमीन संपादण्याचे घाटत असताना, प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन आदींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जो दीर्घ लढा दिला, त्याचा परिणाम म्हणून २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील बावीस गावांत खातेदारांचा कौल घेण्यात आला. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात अशा कौलाचे नावही नव्हते. तरीही सरकारी अंमलदार गावोगाव टेबले मांडून बसले, आणि सातबाऱ्यावर ज्यांचे नाव होते ते म्हातारेकोतारे काठी टेकीत येऊन आपले म्हणणे नोंदवून गेले. फार मोठ्या संख्येने लोक विरुद्ध गेल्याचे वृत्तपत्रांनी छापले, आणि तो प्रकल्प पुढे उभा राहिला नाही. तो दिवस आमच्या तालुक्याच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहावा असा आहे. पण त्याचे स्वरूप ध्यानात घ्यावे: लोकांना विचारले गेले ते त्यांच्याकडून काही काढून घ्यावयाचे होते तेव्हा. नकाराचा अधिकार बावीस गावांनी झगडून मिळविला. होकाराचा, म्हणजे आम्ही स्वतःच्या पैशाने अमुक उभे करतो असे म्हणण्याचा अधिकार, त्यांच्यापुढे कोणी ठेवलाच नाही.

ग्रंथालयाचीच गोष्ट घ्या. वाचनालयांच्या बाबतीत मराठी मुलुख मागे होता असे कोणी म्हणणार नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. ग्रंथालयाचा कायदा करण्याचा मानही कोल्हापूर संस्थानाकडे जातो. तो १९४५ चा. तीन वर्षांनी, १९४८ साली, डॉ. रंगनाथन यांच्या प्रेरणेने मद्रास प्रांताने कायदा केला व त्यात घरपट्टीवर ग्रंथालय-उपकर बसविला. पुढे आंध्र, कर्नाटक यांनीही उपकराचाच मार्ग धरला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याने संचालनालय दिले, अ, ब, क, ड असे वर्ग दिले, शासनमान्य ग्रंथालयांना अनुदान दिले, आणि त्या बळावर सुमारे बारा हजार ग्रंथालये या राज्यात उभी राहिली. हे कार्य थोर आहे. परंतु उपकर मात्र त्याने बसविला नाही. लोकांवर भार नको, ही त्यामागील भावना दयेची असेल. तिचा परिणाम असा झाला, की ग्रंथालय हे सरकारच्या अनुदानावर जगणारे कोणा मंडळाचे काम राहिले, गावाच्या घरपट्टीत त्याचे नाव आले नाही. अनुदान वेळेवर न आल्यामुळे पावसाळ्यात गळक्या छपराखाली पुस्तकांवर मेणकापड पसरणारा ग्रंथपाल मी पाहिलेला आहे, आणि त्या ग्रंथालयाचे दोनशे सभासद रोज तेथून वर्तमानपत्र वाचून जात होते. त्यांपैकी एकालाही छपराचा खर्च विचारण्याचे सुचले नव्हते, कारण तो आपला प्रश्न आहे असे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

याच्या उलट उदाहरण पाहावयाचे तर बडोद्याकडे पाहावे. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आलेल्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली तेथून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणविले, आणि संस्थानभर खेड्यापाड्यांत ग्रंथालयांचे जाळे विणले. महाराज धनी होते; हुकूम सोडून प्रत्येक गावाला इमारत बांधून देणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी तसे केले नाही. गावाने वर्गणी जमवावी, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने घालावी, तेवढीच संस्थानाने घालावी, असा तिहाईचा नियम त्यांनी घातला. गावाने आपली तिहाई जमविण्यासाठी जी पहिली सभा घेतली असेल, तीच त्या ग्रंथालयाची खरी कोनशिला होय. अँड्र्यू कार्नेगी यांनी जगभर ग्रंथालयांच्या इमारती दान केल्या, त्यांचीही अट अशीच होती: जागा नगराने द्यावी, आणि दानाच्या दहाव्या हिश्श्याइतकी रक्कम दरसाल करांतून त्या ग्रंथालयावर खर्च करण्याचे बंधन नगराने पत्करावे. दान घेणाऱ्याला देणारा बनविल्याखेरीज दान टिकत नाही, हे त्या व्यवहारी माणसाने ओळखले होते.

सुरक्षिततेच्या इमारतींची कथा याहून अवघड आहे. १९९३ साली अंमलात आलेल्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची जोडली. तिच्यात एकोणतीस विषय आहेत आणि विसावा विषय ग्रंथालये हा आहे. त्याच वेळी नगरपालिकांसाठी बारावी अनुसूची आली. तिच्यात अग्निशमन सेवा आहे. पंचायतींच्या यादीत ती नाही. जणू आग लागते ती शहरातच! आणि गडबसारख्या गावाची स्थिती कोणती? एका अंगाला पोलादाची भट्टी, दुसऱ्या अंगाला अहोरात्र वाहणारा महामार्ग, मध्ये कौलारू घरे, भाताच्या उडव्या, गुरांचे गोठे. कायद्याने हे गाव खेडे आहे. धोक्याने ते केव्हाच शहर झाले आहे. पोलिसांचे म्हणाल तर तो सर्वस्वी राज्याचा विषय. इमारती बांधणारे पोलीस गृहनिर्माण महामंडळ १९७४ पासून मुंबईस आहे, आणि गावापाशी राहतो तो १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेला पोलीस पाटील, ज्याचे कार्यालय म्हणजे त्याच्या घराची ओसरी. मध्यरात्री महामार्गावर अपघात झाला म्हणजे जखमींना प्रथम हात देतात ते आसपासच्या गावांतील तरुण; त्यांच्यापाशी एखादी झोळी, एखादा दिवा, प्रथमोपचाराची पेटी ठेवावयाला चार भिंतींची एखादी रक्षक-खोली असावी, ही मागणी मी स्वतः त्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. ते म्हणाले, "अर्ज देऊन ठेवलाय." कोणाकडे, ते त्यांना नीट सांगता आले नाही.

अर्ज देऊन ठेवणे हीच आज आपल्या सार्वजनिक जीवनाची मुख्य क्रिया होऊन बसली आहे. गावात समाजमंदिर पाहिजे, तर आमदार निधी. बसथांबा पाहिजे, तर खासदार निधी, जो १९९३ पासून आहे. आणि कारखाना जवळ असेल, तर २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्याच्या शेकडा दोन इतका जो सामाजिक दायित्वाचा खर्च ठरवून दिला, त्यातून काही. इमारत उभी राहते, तिच्यावर ज्यांच्या प्रयत्नाने व ज्यांच्या निधीतून ती झाली त्यांची नावे संगमरवरात कोरली जातात, आणि ज्या गावाच्या जागेवर ती उभी असते त्या गावाचा तिच्याशी संबंध पाहुण्याचा राहतो. मला या निधींतून होणाऱ्या कामांचा अनादर करावयाचा नाही. त्यांतून पाण्याच्या टाक्या झाल्या, शाळांच्या खोल्या झाल्या. पण पैसा मुळात कोणाचा, हे विसरले जाते. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्याचा एक गाभा हाच होता, की शेतकऱ्याच्या घामाच्या पैशावर शिक्षण खाते चालते आणि त्याच्या मुलापर्यंत त्याचे फळ पोहोचत नाही. त्यांच्यासमोर लोकल फंडाची पट्टी होती: साऱ्याच्या रुपयामागे एक आणा, १८६३ पासून वसूल होऊ लागलेला व १८६९ च्या कायद्याने पक्का झालेला, त्यातले दोन हिस्से रस्त्यांना, एक हिस्सा शाळांना. आणा देणाऱ्या कुणब्याला त्या पट्टीविषयी कोणी विचारले नव्हते. दीडशे वर्षे होऊन गेली; कर वसूल करण्याचे यंत्र बदलले, विचारण्याचे यंत्र बसविण्याचे राहूनच गेले.

रोखे आपल्याकडेही निघतात. अहमदाबादने १९९८ साली शंभर कोटींचे काढले, पाठोपाठ नाशिकने काढले. रोखे-बाजाराच्या नियामक मंडळाने २०१५ साली त्यासाठी नियम केले, आणि २०१७ च्या जूनमध्ये पुणे महानगरपालिकेने पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी शेकडा ७.५९ व्याजाचे दोनशे कोटींचे रोखे मुंबईच्या शेअर बाजारात नोंदविले. ही चांगली सुरुवात आहे. पण त्या रोख्यांना संमती दिली ती सभागृहाने, पत ठरविली मूल्यांकन करणाऱ्या संस्थांनी, आणि ते घेतले विमा कंपन्या, बँका यांसारख्या मोठ्या गुंतवणूकदारांनी. पुण्याच्या पेठेतील करदात्याला तो ठराव होण्यापूर्वी वा नंतर कोणी विचारले नाही. ग्रामपंचायतीला तर बाजाराची वाटच बंद. तिला मिळते ते जिल्हा ग्राम विकास निधीतील कर्ज. त्या निधीत सर्व पंचायतींनी आपल्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा घालायचा आणि त्यातून गरजेप्रमाणे प्रत्येकीला कर्ज द्यायचे, ही कल्पना बिघ्यामागे एक मण देणाऱ्यांच्याच कुळातील आहे, आणि ती १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात शाबूत आहे. दुकानांचे गाळे, पंचायतीची कचेरी यांसाठी तिचा उपयोग होतोही. तिच्यातून गावाच्या मताने ग्रंथालय किंवा रक्षक-खोली बांधता येणार नाही, असे मला वाटत नाही.

कर्ज आणि विश्वास यांची गोष्ट पेणकरांशी बोलताना जपून बोलावी लागते, हे मी जाणतो. २०१० साली पेणमधील एक सहकारी बँक बुडाली; तिच्यात मोलकरणींची, मिठागरांवरच्या मजुरांची, निवृत्त शिक्षकांची आयुष्यभराची पुंजी होती. ज्या गावात पासबुक हातात असूनही पैसा गेला, तेथे वीस वर्षांच्या फेडीची भाषा कोणी ऐकेल काय? परंतु त्याच मातीत दुसरे नावही आहे. मूळचे रोह्याच्या घराण्यातील चिंतामणराव देशमुख, जे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, त्यांना स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाब्याच्या मतदारांनी लोकसभेत धाडले, आणि देशाचे अर्थमंत्री म्हणून पहिल्या पंचवार्षिक योजनेसाठी त्यांनी जनतेकडून कर्जे उभारली. लोकांनी ती दिली, कारण मागणाऱ्याचा हिशेब स्वच्छ आहे असा त्यांचा भरवसा होता. बुडालेल्या बँकेपासून घ्यावयाचा धडा कर्जाविरुद्ध नाही. न विचारता, न दाखविता, बंद दाराआड केलेल्या व्यवहाराविरुद्ध आहे.

मग करावे काय? समजा, एका गावात हजार घरे आहेत, आणि ग्रंथालय व त्याला लागून रक्षक-खोली यांना वीस लाख रुपये लागतात. वीस वर्षांत फेडावयाचे तर मुद्दल घरामागे वर्षाला शंभर रुपये, व्याज धरून दोनशेच्या आतबाहेर. ज्याचे घर मोठे त्याला अधिक, कुडाच्या भिंतीच्या कातकरी झोपडीला माफी. एवढा हिशेब एका कागदावर लिहून प्रत्येक घरी द्यावा, त्याच कागदावर विरुद्ध बाजूचे म्हणणेही छापावे, आणि आडव्या बाटलीसाठी जसे गुप्त मतदान होते तसे या इमारतीसाठी व्हावे. चित्रच हवे असेल तर एका बाजूस उघडे दार काढावे व दुसऱ्या बाजूस मिटलेले. गाव नाही म्हणाले तर ते त्याचे म्हणणे. पुढील वर्षी पुन्हा विचारावे. आमच्याच तालुक्यात गागोद्यास जन्मलेले विनोबा गावाचे निर्णय सर्वसंमतीने व्हावेत असे म्हणत, आणि गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने ते दीर्घकाळ करून दाखविले आहे. मी तेवढे मागत नाही. अर्ध्याहून अधिकांचा मोजलेला होकार मला पुरे आहे. यातील एक अडचण मला अजून सुटलेली नाही: महामार्गालगतच्या खोल्यांतून भाड्याने राहणारे परप्रांतीय कामगार घरपट्टी देत नाहीत, मतदार यादीत पुष्कळांची नावे नाहीत, आणि रक्षक-खोलीची गरज सर्वांत अधिक त्यांनाच आहे. त्यांना मत नाही म्हणून त्यांचे म्हणणे ऐकायचे नाही, हे मला पटत नाही. निदान सभेत बोलण्याचा अधिकार तरी त्यांना असावा.

गेल्या वर्षी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला मी खारपाटातील एका गावी गेलो होतो. विषयपत्रिकेवर सातवा विषय वाचनालयाच्या खोलीचा होता. गणपूर्तीस मतदारांच्या शेकडा पंधरा किंवा शंभर, यांत जी संख्या कमी ती लागते, जमले अडतीस. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, म्हणून ती पुढच्या आठवड्यात भरली तेव्हा मी पुन्हा गेलो. बावन्न माणसे होती, त्यांत एकोणीस स्त्रिया. ग्रामसेवकाने विषय वाचला आणि रिवाजाप्रमाणे, शासनाकडे निधीची मागणी करावी, असा ठराव सुचविला. त्यावर मागच्या बाकावरून एक बाई उभी राहिली. अंगणवाडीत मदतनीस होती असे मागाहून कळले. तिने विचारले, "खोलीला किती लागतात?" कोणालाच सांगता येईना. ती म्हणाली, "आधी ते काढा. मग घराला किती पडतात ते बघू." सरपंचांनी ग्रामसेवकाकडे पाहिले. ग्रामसेवकाने लिहिलेली ओळ खोडली, तिच्यावर आपली लघुस्वाक्षरी केली आणि खाली नवी ओळ लिहिली, की वाचनालयाच्या खोलीचे अंदाजपत्रक उपअभियंत्याकडून करवून घेऊन, घरनिहाय येणाऱ्या खर्चाच्या तपशिलासह, ते २६ जानेवारीच्या सभेपुढे ठेवावे. सूचक म्हणून त्या बाईचे नाव त्याने विचारले, आणि ते लिहून होईपर्यंत ती उभीच होती.